यीस्टमधला ठिपका जनुक चालवतो का? एचएसएफ१ कंडेन्सेटचा प्रयोग, पायरीपायरीने

एमएस्सी आणि पीएचडी करणाऱ्या मुलांचे यीस्टचे फोटो माझ्याकडे सतत येतात. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवट पेशी, तिच्यात दोन-तीन चमकदार ठिपके, आणि खाली एक ओळ: कंडेन्सेट तयार झाले, म्हणून जनुक चालू झालं. बहुतेक वेळा ठिपका खरा असतो. ‘म्हणून’ मात्र कुठेच सिद्ध केलेलं नसतं. प्रयोग परत करायला सांगावं लागतं आणि वर्ष निघून गेलेलं असतं. चूक मायक्रोस्कोपखाली क्वचितच होते. ती त्याआधी, फ्लास्कपाशी आणि सेंट्रिफ्यूजपाशी झालेली असते.

हा लेख एकाच उदाहरणावर आहे: बेकरीतलं यीस्ट, म्हणजे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी, आणि त्यातलं एचएसएफ१ हे प्रथिन, जे उष्णतेच्या ताणात (हीट शॉकमध्ये) जनुकं चालू करतं. ३० अंश सेल्सिअसवर निवांत वाढणाऱ्या पेशीत एचएसएफ१ केंद्रकभर पसरलेलं असतं. तापमान ३९ अंशांवर नेलं की काही मिनिटांतच ते मोजक्या ठिपक्यांत गोळा होतं. त्याच ठिपक्यांत जनुक चालू करायला मदत करणारं मीडिएटर हे प्रथिनसंकुल येतं आणि जनुक वाचणारं आरएनए पॉलिमरेज-२ही येतं. वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची हीट शॉक जनुकं, म्हणजे उष्णतेत चालू होणारी जनुकं, याच काळात एकमेकांजवळ सरकतात. तापमान चढंच ठेवलं तरी तासाभरात ठिपके विरतात. एचएसपी१०४, एसएसए४, एचएसपी८२ या जनुकांचं वाचनही असंच सुरुवातीला उसळतं आणि मग उतरतं. दोन्ही आलेख एकमेकांवर इतके छान बसतात की कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

कंडेन्सेट म्हणजे भोवती पडदा नसलेला, प्रथिनांच्या कमजोर पण अनेक जागच्या पकडींनी जमलेला थेंब. पकडी सैल असल्यामुळे आतले रेणू सतत आत-बाहेर करत राहतात. एवढी व्याख्या पुढच्या कामाला पुरते.

## १. आधी दावा कागदावर लिहा

इथे तीन वेगळे दावे आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा आहे.

पहिला: हीट शॉकमध्ये एचएसएफ१चे ठिपके दिसतात. याला चांगला मायक्रोस्कोप आणि चांगले कंट्रोल पुरतात.

दुसरा: हे ठिपके कमजोर पकडींनी जमलेले आहेत. म्हणजे ती चुकीची घडी पडलेल्या प्रथिनांची गुठळी नाही आणि डीएनएवर शेजारी-शेजारी बसलेल्या रेणूंची निव्वळ गर्दीही नाही. याला रसायनं आणि रेणूंची ये-जा मोजणं लागतं.

तिसरा: ठिपका मोडला की जनुकाचं काम बदलतं. याला फक्त जनुकीय बदलच चालतो.

वहीच्या पहिल्या पानावर लिहा की आपण कुठल्या दाव्यापर्यंत जाणार आहोत. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये पहिला दावा नीट आणि दुसरा अर्धा झाला, तरी ते चांगलं काम आहे. तिसऱ्याला दीड-दोन वर्षं द्यायची तयारी हवी.

## २. वाण तयार करणं

मूळ वाणाची निवड. बीवाय४७४१ हे लॅबमधलं नेहमीचं वाण घेतलंत तर एक डोकेदुखी टळते. डब्ल्यू३०३ अनेक लॅबमध्ये आहे, पण त्यात एडीई२ जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे ॲडेनिन कमी पडलं की व्हॅक्युओलमध्ये लालसर रंगद्रव्य साचतं आणि ते स्वतःच चमकतं. लाल चॅनेलमध्ये गोल, तेजस्वी, सुरेख ठिपके दिसतात आणि त्यांचा एचएसएफ१शी काहीही संबंध नसतो. डब्ल्यू३०३ वापरायचंच असेल तर माध्यमात जास्तीचं ॲडेनिन घाला, किंवा एडीई२ दुरुस्त केलेलं वाण मिळवा.

टॅग, म्हणजे आपल्या प्रथिनाला जोडलेलं चमकणारं प्रथिन, कुठे लावायचा. प्लास्मिडवर (वेगळ्या डीएनए-वर्तुळावर) नको, गुणसूत्रावरच्या मूळ जागी, मूळ प्रमोटरखाली (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागाखाली), प्रथिनाच्या शेवटच्या टोकाला. पीसीआरने टॅग आणि मार्कर (टॅग बसलेल्या पेशी निवडायला लागणारं जनुक) एकत्र वाढवा, दोन्ही बाजूंना सुमारे ४० बेसचा जुळणारा तुकडा ठेवा आणि लिथियम ॲसिटेट पद्धतीने पेशीत घाला. मार्कर जी४१८ या प्रतिजैविकाच्या प्रतिकाराचा असेल तर प्लेटवर पसरण्याआधी दोन-तीन तास साध्या वायपीडी या पोषक माध्यमात वाढू द्या. प्रतिकाराचं प्रथिन तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. ही वाट न पाहिल्यामुळे किती तरी जणांच्या प्लेट रिकाम्या राहतात.

गॅल१ या जोरदार प्रमोटरचा मोह टाळा. त्याने प्रथिन भरपूर बनतं, फोटो झकास येतो आणि निष्कर्ष फुकट जातो. थेंब जमणं हे प्रथिनाच्या प्रमाणावर अवलंबून असतं. प्रमाण अनेक पटींनी वाढवलं तर एरवी कधीच न जमणारं प्रथिनही ठिपक्यांत जमू शकतं.

टॅग कुठला. साधं ईजीएफपी (हिरवं चमकणाऱ्या जीएफपी प्रथिनाचं एक रूप) दाटीवाटीत स्वतःच्याच जोड्या लावतं. ए२०६के हा बदल असलेलं एकेकटं राहणारं रूप घ्या, किंवा एमनिऑनग्रीन घ्या. डीएसरेड चार-चारच्या गटात राहतं, ते या कामाला वर्ज्य. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: ताणाखाली पेशीच्या आतला भाग थोडा आम्लधर्मी होतो आणि आम्लात जीएफपी मंद होतं. त्यामुळे एकूण उजेड घटला म्हणजे प्रथिन घटलं, असं धरू नका. प्रथिनाचं प्रमाण वेस्टर्न ब्लॉटवरच बघा. तिथेही सावध राहा, कारण हीट शॉकमध्ये एचएसएफ१वर भरपूर फॉस्फेट लागतात आणि पट्टा वर सरकतो. ते प्रथिन तेच असतं.

दुसऱ्या रंगात केंद्रकाची खूण हवीच. हिस्टोनवर (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनावर) एमचेरी हा लाल टॅग लावलेला चालतो किंवा केंद्रकाच्या पडद्यातलं पॉम३४ चालतं. खूण नसेल तर ठिपका केंद्रकात आहे की बाहेर, हे डोळ्यांनी ठरवावं लागतं, आणि डोळा हवं तेच बघतो.

> तपासणी: टॅगच्या दोन्ही सांध्यांवर वेगवेगळे पीसीआर करा. एकच सांधा बरोबर आला म्हणून पुढे जाऊ नका. तीन स्वतंत्र कॉलनी ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा.

## ३. टॅगमुळे प्रथिन बिघडलं नाही ना?

ही पायरी गाळली की पुढचं सगळं डळमळीत होतं. एचएसएफ१ जगण्यासाठी आवश्यक आहे. हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) पेशी वाढली, म्हणजे प्रथिन पूर्ण निकामी झालेलं नाही इतकंच कळतं. अर्धवट बिघडलेलं असू शकतं.

दोन चाचण्या करा. पहिली थेंबांची: टॅग असलेलं आणि नसलेलं वाण दहा-दहा पट पातळ करत पाच थेंब एका ओळीत टाका. एक प्लेट ३० अंशांवर आणि एक ३७ अंशांवर ठेवा, दोन-तीन दिवसांनी बघा. दुसरी जास्त महत्त्वाची: दोन्ही वाणांना १० मिनिटं हीट शॉक द्या आणि एसएसए४चा आरएनए मोजा. दोन्हींत तो सारखाच चढायला हवा. टॅगवाल्यात कमी चढला तर टॅग बदला, मधे जोडणारा लवचिक तुकडा घाला किंवा टॅग दुसऱ्या टोकाला न्या. ठिपके किती का सुंदर दिसेनात, ते वाण बाजूला ठेवा.

## ४. पेशी वाढवणं: सर्वांत जास्त चुका इथेच

यीस्ट फार लवकर घाबरतं. ग्लुकोज संपलं, थंडी वाजली, दाटी झाली, हवा कमी पडली, की त्याच्या पेशीद्रवात दुसऱ्याच जातीचे ठिपके उठतात. त्यांना पी-बॉडी आणि स्ट्रेस ग्रॅन्यूल म्हणतात. ग्लुकोज काढून घेतल्यावर पी-बॉडी दहा मिनिटांच्या आत ठळक होतात. तुमचा प्रयोग उष्णतेचा असतो आणि पेशी आधीच उपाशी असतात.

आमच्या लॅबमध्ये हे घडलं आहे. जुन्या प्रोटोकॉलमध्ये ‘पेशी धुऊन घ्या’ एवढंच लिहिलेलं होतं. मी दोनदा डिस्टिल्ड वॉटरने धुतल्या, कारण मायक्रोस्कोपखाली पार्श्वभूमी स्वच्छ दिसते. कंट्रोलमध्येही ठिपके यायला लागले आणि कित्येक आठवडे मी वाण बदलत राहिलो. चूक पाण्याच्या बाटलीत होती. ग्लुकोज नसलेल्या पाण्यातली पाच मिनिटं पेशीला दुष्काळासारखीच.

क्रम असा ठेवा:

1. रात्रीचं कल्चर सिंथेटिक कम्प्लीट माध्यमात २ टक्के ग्लुकोजवर लावा. वायपीडी स्वतःच चमकतं, म्हणून शेवटच्या टप्प्यात ते नको. रायबोफ्लेविन आणि फॉलिक ॲसिड वगळलेला नायट्रोजन बेस मिळाला तर पार्श्वभूमी आणखी काळी राहते.
2. सकाळी ओडी ६०० वर (पेशींच्या दाटीचं प्रकाशाने घेतलेलं माप) ०.०५ येईल इतकं पातळ करा. या माध्यमात दुप्पट व्हायला साधारण दोन तास धरा. ०.४ला पोचायला तीन दुपटी, म्हणजे सहा तास लागतात. सकाळी नऊला पातळ केलं तर तीन-साडेतीनला पेशी तयार.
3. सकाळीच पेशी हव्या असतील तर आदल्या रात्री हिशेबाने पातळ करा. चौदा तासांत सात दुपटी होतात, म्हणजे १२८ पट. रात्री ०.००३वर सोडलेलं कल्चर सकाळी ०.४च्या आसपास मिळतं.
4. फ्लास्क पाचव्या हिश्श्यापर्यंतच भरा आणि शेकरवर ठेवा.
5. ०.३ ते ०.५ मध्ये वापरा. ०.८च्या पुढे गेलेलं कल्चर टाकून द्या. ‘थोडंच जास्त झालंय’ म्हणून वापरू नका. पातळ करून लगेच वापरलं तरी त्या पेशींचा आधीचा ताण पुसला जात नाही, त्यांना पुन्हा दोन-तीन दुपटी लागतात.

सेंट्रिफ्यूज शक्यतो टाळा. टाळता येत नसेल तर कमी वेगाने, एकच मिनिट, ३० अंशांवर, आणि परत त्याच कोमट माध्यमात.

> सावध: मे महिन्यात अकोला-नागपूरकडच्या एसी नसलेल्या खोलीचं तापमान सहज ३८-४० अंशांवर असतं. शेकरमधून काढून टेबलावर ठेवलेल्या फ्लास्कला तिथेच हीट शॉक बसतो आणि ‘शून्य मिनिट’ खोटं ठरतं. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी उलटं होतं, पेशी गारठतात. खोलीचं तापमान रोज वहीत लिहा आणि फ्लास्क ३० अंशांच्या पाण्यातच हलवा.

पहारेकरी वाण. एक जादा वाण ठेवा: डीसीपी२वर जीएफपी असलेलं. ते पी-बॉडीत जातं. मुख्य वाणाबरोबर अगदी तसंच वाढवा, तसंच हाताळा. उष्णता देण्याआधी त्यात ठळक ठिपके भरलेले दिसले तर त्या दिवशीचा प्रयोग तिथेच थांबवा. एखादा फिकट ठिपका चालतो. ही एकच सवय अनेक महिने वाचवते.

## ५. उष्णता देणं

३० अंशांचा फ्लास्क ३९ अंशांच्या पाण्यात ठेवला तर आतलं पाणी तापायला कित्येक मिनिटं लागतात. तुम्ही ज्याला अडीच मिनिटं म्हणता, तेव्हा पेशी कदाचित ३४ अंशांवरच असतात. म्हणून गरम माध्यम मिसळा.

हिशेब सोपा आहे. ३० अंशांचं २५ मिली कल्चर आणि ४८ अंशांचं २५ मिली तेच माध्यम मिळून ३९ अंश होतात. काच थोडी उष्णता पिते, म्हणून आधी पेशीविना रंगीत तालीम करा, बारीक थर्मोमीटरने मोजा, आणि गरज पडली तर ४८चं ४९ करा. मिसळल्याबरोबर फ्लास्क ३९ अंशांच्या हलत्या पाण्यात ठेवा. घड्याळ मिसळल्या क्षणी सुरू करा.

कंट्रोल फ्लास्कमध्ये ३० अंशांचं तेवढंच ताजं माध्यम घाला. मिसळल्याने पेशी निम्म्या पातळ होतात आणि त्यांना ताजं अन्नही मिळतं. हा बदल दोन्हीकडे सारखा असला पाहिजे. मी तपासलेल्या वह्यांत कंट्रोल फ्लास्क बहुतेकदा नुसता शेकरवर पडून असतो. तो कंट्रोल नव्हे.

## ६. मायक्रोस्कोपखाली

काचेच्या तळाची आठ कप्प्यांची डिश घ्या. तळ ०.१७ मिमी जाडीचा हवा. पेशी काचेला चिकटवणाऱ्या कॉन्कॅनाव्हॅलिन एचा पातळ थर द्या, वाळू द्या. पेशी ओता, दहा मिनिटं बसू द्या, न चिकटलेल्या पेशी त्याच कोमट माध्यमाने दोनदा काढून टाका. मग वीस-तीस मिनिटं विश्रांती. ही विश्रांती लोक गाळतात आणि हाताळणीचा ताण उष्णतेच्या खात्यावर जातो.

उष्णतेसाठी नुसतं तापणारं स्टेज पुरत नाही. १०० पटीचं ऑब्जेक्टिव्ह तेलातून थेट काचेला टेकलेलं असतं आणि हा पितळ-काचेचा गोळा उष्णता ओढून घेतो. पडद्यावर ३९ दिसतं, पेशी मात्र दोन-तीन अंश थंड असू शकतात. ऑब्जेक्टिव्हला स्वतंत्र हीटर लावा. तेल लावून, ऑब्जेक्टिव्ह टेकवून, कप्प्यात बारीक तारेचा तापमापक बुडवून मोजा. मग ३९ अंशांचं माध्यम घालून जुनं बदला आणि घड्याळ सुरू करा.

वेळा: ०, २.५, ५, १०, २०, ३० आणि ६० मिनिटं. प्रत्येक वेळी ०.३ मायक्रॉनच्या अंतराने पूर्ण पेशीचे थर टिपा, नाहीतर वरचा ठिपका हुकतो.

निळा प्रकाश हाही यीस्टला ताण असतो. त्यामुळे एक कप्पा असा ठेवा की ज्याचा फोटो फक्त दहाव्या मिनिटाला घ्यायचा. सगळ्या वेळा टिपलेल्या कप्प्यातले दहाव्या मिनिटाचे ठिपके त्याच्याशी जुळायला हवेत. जुळले नाहीत तर उजेड कमी करा.

फॉर्मल्डिहाइडने पेशी स्थिर करून फोटो घेण्याचा मोह सोडा. स्थिर करण्याच्या क्रियेनेच ठिपके वाढू शकतात, विरू शकतात. जिवंत पेशीत दिसलेलं आधी, स्थिर केलेलं फक्त पडताळणीला.

गोल दिसला म्हणजे थेंब? यीस्टचं केंद्रक साधारण २ मायक्रॉनचं असतं आणि साध्या प्रकाश-मायक्रोस्कोपची सीमा सुमारे २५० नॅनोमीटरची. त्याहून लहान कुठलीही वस्तू, मग ती चौकोनी असो की वाकडी, पडद्यावर गोलच दिसते. म्हणून या केंद्रकातल्या ठिपक्यांच्या गोलाईवरून ‘द्रव’ असा निष्कर्ष काढू नका. आकारमान नॅनोमीटरमध्ये लिहूही नका.

मोजणी. फाइलची नावं दुसऱ्याकडून बदलून घ्या, म्हणजे कुठली कंट्रोलची हे मोजताना कळणार नाही. उंबरठा एकदाच ठरवा आणि सगळ्या फोटोंना तोच लावा. ठिपक्यांच्या संख्येबरोबर केंद्रकातला सर्वांत तेजस्वी भाग आणि केंद्रकाचा सरासरी उजेड यांचं गुणोत्तरही काढा. ते उंबरठ्यावर कमी अवलंबून असतं. टॅग नसलेल्या वाणाचे फोटो त्याच सेटिंगवर हवेत. तीन पुनरावृत्ती म्हणजे तीन स्वतंत्र कॉलनींपासून वेगवेगळ्या दिवशी वाढवलेली कल्चर. एकाच कप्प्यातली तीन दृश्यं म्हणजे पुनरावृत्ती नव्हे, मग त्यांत पाचशे पेशी का असेनात.

## ७. त्याच कल्चरमधून, त्याच मिनिटाला आरएनए

ठिपके सोमवारी आणि आरएनए गुरुवारी, असं केलं की दोघांचा संबंध जोडण्याचा हक्क आपण गमावतो. मूळ कल्चर एकच असावं. एक हिस्सा डिशमध्ये, एक हिस्सा फ्लास्कमध्ये, दोघांची उष्णता जुळवलेली, घड्याळ सारखं. यासाठी दोन माणसं लागतात. एकट्याने करू नका.

1. प्रत्येक वेळी फ्लास्कमधून १० मिली काढा (सगळ्या वेळांना पुरेल इतकं कल्चर आणि गरम माध्यम वरच्याच प्रमाणात वाढवून घ्या), व्हॅक्युम फिल्टरवर ओता, फिल्टर लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. हे सगळं एका मिनिटाच्या आत. सावकाश सेंट्रिफ्यूज केलं तर त्या पाच मिनिटांत पेशी थंड होते आणि जनुकाचं काम बदलतं.
2. ६५ अंशांच्या आम्लधर्मी फिनॉलने आरएनए काढा, उरलेला डीएनए तोडायला डीएनएज द्या.
3. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएपासून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्यासाठी ठेवा. यीस्टच्या बहुतेक जनुकांत इन्ट्रॉन (आरएनएमधून कापून टाकले जाणारे मधले तुकडे) नसतात. त्यामुळे उरलेला डीएनए आणि आरएनए यांचा फरक प्रायमरवरून कळत नाही.
4. संदर्भ जनुक म्हणून एकटं ॲक्ट१ वापरू नका. हीट शॉकमध्ये तेही हलतं. एससीआर१ जास्त भरवशाचं, पण ते पॉलिमरेज-३चं उत्पादन आहे आणि त्याला पॉली-ए शेपूट नसतं. सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) फक्त पॉली-ए शेपटीला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटीने बनवलात तर ते दिसणारच नाही. रँडम हेक्झॅमर वापरा.

लक्ष्य म्हणून एसएसए४, एचएसपी१०४ आणि एचएसपी८२ घ्या. एसएसए४ एरवी जवळजवळ बंद असतं म्हणून पटींत खूप मोठा आकडा देतं. एचएसपी८२ आधीच बऱ्यापैकी चालू असतं, त्यामुळे त्याची पट लहान दिसते. पट लहान म्हणजे प्रतिसाद कमी, असं नाही. एचएसपी१२ एकटं घेऊ नका. त्यावर ताणात जनुकं चालू करणाऱ्या एमएसएन२ आणि एमएसएन४ या दुसऱ्या प्रथिनांचाही जोरदार ताबा असतो.

> सावध: क्यूपीसीआर (सीडीएनएवरून आरएनए मोजण्याची नेहमीची पद्धत) साचलेला आरएनए मोजतं, बनण्याचा वेग मोजत नाही. ठिपके विरल्यावरही आरएनए काही काळ वरच राहतो. ‘ठिपका गेला तरी जनुक चालूच’ असं लिहिण्याआधी जनुकावर प्रत्यक्ष किती पॉलिमरेज आहे ते क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशनने बघा, किंवा ४-थायोयुरॅसिलने नवा आरएनए वेगळा करून मोजा.

एकेका पेशीतला आरएनए बघण्यासाठी पेशीभित्तिका एन्झाइमने काढावी लागते. ती आधी स्थिर केलेल्या पेशींचीच काढा. जिवंत पेशीची भिंत काढली तर त्या क्रियेनेच हीट शॉक जनुकं चालू होतात.

## ८. हेक्झेनडायॉलची चाळणी

१,६-हेक्झेनडायॉल कमजोर जलविरोधी पकडी सोडवतं. २,५-हेक्झेनडायॉल दिसायला त्याचा भाऊ, पण या कामात बराच दुबळा. म्हणून दोघं नेहमी जोडीने वापरा: उष्णता आणि काहीच नाही, उष्णता आणि १,६, उष्णता आणि २,५. दोन्हींचं वजनाने ५ टक्के द्रावण त्याच माध्यमात, त्याच तापमानावर बनवा. १,६ मेणासारखं घट्ट असतं आणि सुमारे ४२ अंशांना वितळतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात बाटलीत ते पाणी झालेलं आढळतं. घाबरू नका, गार होऊ द्या आणि मग वजन करा.

ठिपके तयार झाल्यावर, पाचव्या मिनिटाला द्या आणि दोन ते पाच मिनिटांत फोटो संपवा. जास्त वेळ ठेवलं तर हे रसायनच ताण बनतं आणि नवे स्ट्रेस ग्रॅन्यूल उठवतं. काही जण पेशीत लवकर शिरावं म्हणून डिजिटोनिन मिसळतात. फक्त फोटोसाठी ते चालेल, पण डिजिटोनिनने छिद्रं पाडलेल्या पेशीत जनुकाचं काम मोजू नका.

१,६ने ठिपके गेले आणि २,५ने राहिले, तर दुसऱ्या दाव्याला एक आधार मिळाला. १,६ने आरएनएही घटला, तर त्यावरून तिसरा दावा करू नका. हे रसायन पेशीतल्या शेकडो पकडी एकदम सैल करतं आणि काही एन्झाइमही रोखतं. जनुक मंदावायला दहा कारणं असतात.

लेझरने ठिपका विझवून उजेड परत येतो का हे बघणं, म्हणजे फ्रॅप, दुसरा आधार. पण यीस्टचं केंद्रक इतकं लहान आहे की ठिपका विझवताना निम्मा साठाही विझतो. उरलेल्या उजेडाच्या प्रमाणात दुरुस्ती करा. आणि उजेड लवकर परत आला तरी त्याचा अर्थ द्रव असाच होत नाही. डीएनएवर पटकन बसणारं-उठणारं प्रथिनही तसंच वागतं.

## ९. तिसरा दावा: मोडून बघणं

आधी काय करायचं नाही. ट्रान्सक्रिप्शन थांबवण्यासाठी थायोल्युटिन वापरू नका. ते स्वतःच यीस्टची हीट शॉक जनुकं चालू करतं. तापमानाने बंद पडणारं आरपीबी१चं (पॉलिमरेज-२च्या मुख्य घटकाचं) वाणही इथे अडचणीचं, कारण त्याला बंद करणारी उष्णता आणि तुमची उष्णता एकच. त्याऐवजी अँकर-अवे पद्धत घ्या. रॅपामायसिन दिलं की ठरवलेलं प्रथिन केंद्रकाबाहेर नेलं जातं. वाणात टॉर१-१ हा बदल आणि एफपीआर१ काढलेलं हवं, नाहीतर रॅपामायसिनच पेशीची वाढ रोखेल.

काय मोडायचं. एचएसएफ१ची दोन्ही टोकं ठरावीक घडी नसलेली, सैल आहेत आणि जनुक चालू करणारे भागही तिथेच आहेत. मधला भाग डीएनए धरतो. टोक छाटलं की ठिपके कमी होतील आणि मीडिएटरची ओढही कमी होईल. मग आरएनए घटला तर दोष कोणाचा? या एका प्रश्नावर अनेक चांगले प्रबंध अडकतात. म्हणून एकाच मोठ्या कापावर थांबू नका. लहान-लहान बदलांची मालिका करा आणि प्रत्येक वाणात चार गोष्टी मोजा: प्रथिनाचं प्रमाण, प्रमोटरवर बसलेलं एचएसएफ१, ठिपके, आणि नवा आरएनए. शक्य झालं तर प्रमोटरवरचं मेड१५ (मीडिएटरचा एक घटक) पाचवी गोष्ट म्हणून मोजा.

निकाल कसे वाचायचे. एचएसएफ१ डीएनएवरून उठलं आणि ठिपकेही गेले, तर ठिपक्यांबद्दल काहीच कळलं नाही, कारण मूळच तुटलं. ठिपके गेले आणि नवा आरएनए जसाच्या तसा राहिला, तर ठिपका या जनुकाच्या वाचनाला आवश्यक नाही. हा निकालही छापण्याजोगा आहे, लपवू नका. ठिपके राहिले आणि आरएनए घटला, तर जमणं आणि वाचणं या वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रथिनाचं प्रमाण तेवढंच, डीएनएवरची पकड तेवढीच, ठिपके गेले आणि नवा आरएनए घटला, हे झालं तरच पुढची पायरी घ्या.

ती पायरी म्हणजे परत जोडणं. छाटलेल्या सैल टोकाच्या जागी दुसऱ्या प्रथिनाचं तसंच सैल, जमण्याचा गुण असलेलं टोक बसवा. शेजारी एक वाण असं ठेवा, ज्यात त्याच लांबीचं पण न जमणारं टोक आहे. दोन्ही वाणं एकाच दिवशी ३९ अंशांवर न्या आणि अडीच, पाच व दहा मिनिटांना ठिपके आणि एसएसए४चा नवा आरएनए एकत्र मोजा. पहिल्या वाणात दोन्ही परत आले आणि दुसऱ्यात एकही आलं नाही, तर फोटोखालच्या ओळीत ‘म्हणून’ लिहा.